कोरी बाटली

गोदीच्या फाटकावरचा पहारेकरी त्यांना रोज "या, पाणीवाल्या बाई" म्हणायचा आणि त्याही हसून मान डोलवायच्या. त्यात खोटं काहीच नव्हतं. आरमाराच्या या जुन्या गोदीत जहाजं बांधणं केव्हाच थांबलं होतं. आता जमिनीत मुरलेलं तेल, गंज आणि जहाजांच्या बुडाला फासायचा तांबडा रंग निघून गेला की नाही, एवढंच बघायचं होतं. त्यासाठी बाई जागोजागी पुरलेल्या नळ्यांमधून पाणी उपसायच्या आणि बाटल्यांत भरून तपासायला पाठवायच्या.

या कामाची एक रीत होती. भरायच्या बाटल्यांबरोबर शुद्ध पाण्याची एक सीलबंद बाटली फिरवायची. ती उघडायची नाही, नुसती नेऊन आणायची. तिच्यात काही सापडलंच, तर घाण जमिनीतली नाही, वाटेत कुठेतरी शिरली, असं समजायचं. सगळे तिला कोरी बाटली म्हणत.

त्या आठवड्यात गोदीतलं पाणी पहिल्यांदाच स्वच्छ निघालं. कोऱ्या बाटलीत मात्र समुद्राचं मीठ, गंज आणि तांबडा रंग सापडला.

"बाई, चिठ्ठ्या उलट्यासुलट्या चिकटवल्यात तुम्ही," प्रयोगशाळेतला सहायक फोनवर म्हणाला.

"डोकं ठिकाणावर आहे माझं. सील तुम्हीच फोडलंत ना?"

"मीच फोडलं. शाबूत होतं." तो जरा घुटमळला. "म्हणून तर फोन केला."

पुढच्या खेपेलाही तेच. बाईंचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, तपासून बघण्यावर होता. बाटल्यांची पेटी आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी यायची आणि स्वयंपाकघरात ओट्याखाली राहायची. म्हणून त्यांनी एक कोरी बाटली कचेरीत ठेवली आणि दुसरी घरी. कचेरीतली कोरीच राहिली. घरातली खारट निघाली.

नवरा परगावी नोकरीला, घरात त्या आणि त्यांची लहानगी ठमी. आपणच गोदीतली घाण घरात आणतोय आणि पोर त्याच फरशीवर लोळतेय, या विचाराने त्यांना घास गिळवेना. त्यांनी बूट टाकून दिले, कामाचे कपडे कचेरीतच ठेवले आणि घर कानाकोपऱ्यासकट घासून काढलं. ठमी एक फडकं घेऊन मागेमागे लुडबुडत होती.

"आई, रडतेस?"

"फिनेलने डोळे चुरचुरतात गं."

नवी बाटली ठेवली. सकाळी तिच्या तळाशी तांबडा गाळ होता, नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा. सील जसंच्या तसं.

मग मात्र बाईंनी काळजावर दगड ठेवला आणि ठमीला आपल्या आईकडे नेऊन सोडलं. ते गाव समुद्रापासून लांब, डोंगरापलीकडे. निरोप घेताना पोर अजिबात रडली नाही. बाईंना तेच जास्त लागलं.

रिकामं घर त्यांनी पुन्हा एकदा घासलं आणि नवी बाटली ठेवली.

"कोरी!" सहायक फोनवर जवळजवळ ओरडलाच. "एकदम कोरी, बाई! सुटलात!"

बाई ओट्याशी बसून मनसोक्त रडल्या. घासण्याचं चीज झालं होतं. खिडकीतून दुपारचं ऊन आत आलं होतं आणि घरभर साबणाचा वास होता. त्यांनी लगेच आईला फोन लावला.

"उद्या न्यायला येते गं तिला."

"ये की. मजेत आहे पोर. फक्त न्हाऊ घातलं तरी तिच्या अंगाला येणारा रंगाचा वास काही जात नाही बघ."

बाईंची नजर ओट्याखालच्या रिकाम्या जागेवर गेली.

"आणि सकाळी पापी घेतली, तर गाल खारट. रडलीस का विचारलं, तर नाही म्हणते."

बाईंनी ओट्याची कड घट्ट धरली.

"आई, ती कुठे आहे आत्ता?"

"ही काय, माझ्या मांडीवर."

पलीकडे ठमी खोकली. मग फरशीवर काहीतरी टणकन पडलं.

"अगं बाई! एवढा मोठा गंजका खिळा?" आजी करवादली. "तोंडात कधी घातलास?"

"मी नाही घातला, आजी," ठमी म्हणाली. "आतून आला."