निळ्या गाडीवरचं मेण

इनसाफच्या थोरल्या भावाला जुळी झाली, त्याच वर्षी तिच्या वडिलांनी, उस्ता बदवींनी, निळी गाडी घेतली. उभा जन्म ट्राम चालवलेला माणूस, म्हणून सगळे मानानं 'उस्ता' म्हणायचे. त्यांना आनंद मावेना. दारात मेंढा कापला, रक्तात हात बुडवला आणि नव्याकोऱ्या बॉनेटवर पंजा उमटवला. दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे सगळेच असं करतात. पण सगळे दुसऱ्या दिवशी गाडी धुऊन घेतात. उस्तांनी मात्र आठवडाभर कुणाला पाण्याची बादली जवळ आणू दिली नाही. अलेक्झांड्रियाचं ऊन ते! धुतल्यावर रक्त गेलं, पंजा राहिला... रंगातच उतरलेला, फिकट, पाचही बोटांचा.

उस्तांची नजर अधू होती, म्हणून गाडी इनसाफच चालवायची. खाऱ्या वाऱ्यानं रंगाची वाट लागू नये म्हणून एके दुपारी ती समुद्राकाठच्या अन्फूशी वस्तीतल्या एका दुकानासमोर थांबली. आत मेणाचे, पॉलिशचे, सीलंटचे डबे छतापर्यंत रचलेले. त्या डब्यांच्या आड वगीह नावाचा तरुण दुकानदार सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता.

"रंग टिकेल असं काहीतरी द्या," ती म्हणाली. "मेण लावू की सीलंट?"

वगीह बाहेर आला. त्यानं गाडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग घाईघाईनं पुन्हा गाडीकडे.

"सीलंट वर्षभर टिकतं, आनिसा," तो म्हणाला. अनोळखी मुलीला आमच्याकडे अदबीनं असंच म्हणतात. "मेण महिना-दीड महिना. पण..." त्यानं पंज्यावरून हलकेच बोट फिरवलं. "सीलंट लावायचं तर आधी हे घासून काढावं लागेल."

"खबरदार! माझ्या बाबांचा हात आहे तो."

"केवढा मोठा हात आहे हो..."

"थप्पडही तेवढीच मोठी बसते. माझ्या भावाला विचारा."

तो हसला. हसताना त्याचे कान लाल झाले, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"मग मेणच लावू. हाताला काही होणार नाही. फक्त... दर महिन्याला यावं लागेल."

"एवढ्या लांब?"

"चहा आमच्याकडून."

ती येत राहिली. गाडी भिंतीच्या सावलीत लावायची, धुवायची, कोरडी करायची आणि मेणाचा अगदी पातळ हात फिरवायचा. मेण धुरकट दिसू लागलं की मऊ सुती कापडानं पुसायचं. वगीहनं तिला हे सगळं शिकवलं. डाव्या बाजूला ती, उजव्या बाजूला तो, मधे बॉनेट. समुद्रावरून वारा यायचा, तिचा रुमाल डोक्यावरून घसरायचा, आणि वगीह एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत राहायचा.

"तिथला रंग निघेल आता," ती म्हणायची.

"लक्ष तुमच्या बाजूला असू द्या."

"माझी बाजू कधीच झाली."

"मग... माझ्या बाजूला या."

हे बोलून तो स्वतःच घाबरायचा आणि चहा आणायला पळायचा. तिच्या ग्लासात नेहमी पुदिन्याचं एक पान जास्त असायचं.

हिवाळा लागला. एका सकाळी शेजारचा मुर्सी आपली गाडी धूत होता. त्यानंही धुवायला उशीर केला होता, त्याच्याही बॉनेटवर असाच पंजा राहून गेला होता. त्या पंज्यावरून पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळत होते. इनसाफ थबकली.

"मुर्सी, तू काय लावलंस याला?"

"सीलंट! गेल्या ईदला लावलंय, अजून बघ कसं आहे."

"आणि पंजा? घासला नाही?"

"कशाला? धुतलं, पुसलं, वरून लावलं. डाग रंगाच्या आत आहे, त्याला काय होतंय? अन्फूशीचा तो वगीह... त्यानंच लावून दिलं."

इनसाफनं पुढचं काही ऐकलं नाही. तिनं गाडी काढली ती थेट दुकानासमोर उभी केली.

"तुम्ही मला फसवलंत."

वगीहच्या हातातला डबा तसाच राहिला. त्यानं सारवासारव केली नाही.

"हो," तो म्हणाला. "सीलंट लावलं असतं तर... तुम्ही वर्षभर आला नसतात."

"म्हणून खोटं बोलायचं? बाबांच्या हाताची भीती घालून?"

"चुकलं माझं. दर वेळी वाटायचं, आज खरं सांगावं. मग तुमची गाडी वळणावर दिसायची, आणि..."

"आणि काय?"

"जीभच उचलायची नाही."

तिला हसू येत होतं. ते तिनं ओठातच दाबलं. राग खरा होता, आणि तो सहज सोडायचा नाही असं तिनं येतानाच ठरवलं होतं.

"सीलंटचा डबा काढा. आत्ता लावा. माझ्यासमोर."

त्यानं लावलं. काम झाल्यावर ती गाडीत बसली, काच खाली केली.

"आता वर्षभर गाडीचं काही काम निघणार नाही," ती म्हणाली. "गाडीवाचून मला भेटायचं असेल तर तसं माझ्या बाबांना येऊन सांगा. यायचं नसेल, तर मी समजेन की तुम्हाला मेणच विकायचं होतं."

गाडी निघून गेली. वगीह कापड हातात घेऊन रस्त्याकडे बघत राहिला.

पहिल्या शुक्रवारी कुणी आलं नाही. इनसाफनं उगाचच दोनदा जिना झाडला. दुसऱ्या शुक्रवारी नमाजानंतर दार वाजलं. दारात वगीह, पांढराशुभ्र सदरा, हातात बसबूसाचा, रव्याच्या मिठाईचा डबा, आणि मागं धापा टाकत जिना चढणारी त्याची आई.

"कोण?" उस्ता बदवींनी डोळे बारीक करून विचारलं. "गाडीचं काही काम आहे का?"

"नाही, उस्ता," वगीह म्हणाला. कान लालभडक झाले होते, पण आवाज ठाम होता. "गाडीचं काही काम नाही. मी इनसाफसाठी आलोय."

स्वयंपाकघरात काहीतरी खळकन पडलं. उस्ता मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "आत या. पोरी, फुटलं ते फुटू दे, चहा टाक."

ईदनंतर लग्न झालं. दोघांनी खूप वर्षं एकत्र काढली, भांडत आणि हसत. वगीह गेल्या हिवाळ्यात, रजब महिन्यात, वारला.