एकटीपुरती अँटेना

"बोलायचा-ऐकायचा रेडिओ बसवल्याशिवाय माझी गाडी गावाबाहेर न्यायची नाही. आणि ट्रकवाले बोलतात तो एकोणीस नंबरचा चॅनेल सतत उघडा ठेवायचा. अडल्या वेळी ट्रकवालेच धावून येतात, लिबी… कळलं?"

इस्पितळाच्या पलंगावरून बाबांनी हे सांगितलं, तेव्हा त्यांच्या आवाजात जेमतेम धुगधुगी होती. पण हुकूम तो हुकूम. छातीची शस्त्रक्रिया पार पडली, बाबा घरी आले, बिनमिठाच्या सूपवर कुरकुर करण्याइतके बरे झाले. आता लिबीला नवस फेडायचा होता. डॉक्टर आत असताना बाहेरच्या बाकावर जपमाळ मुठीत धरून ती बोलून गेली होती – बाबा वाचले, तर त्यांच्याच मोटारसायकलवरून, एकटी, नेब्रास्काच्या सीमेजवळच्या मेरीमातेच्या गुंफेपर्यंत जाईन.

गाडी म्हणजे कसली, चालतं घरच ते! पुढे मोठी काच, मागे पेट्या, पाठ टेकायला गादी. ती घेऊन लिबी शहरात रेडिओ बसवायला निघाली होती, आणि वाटेतच पावसाने गाठलं. मक्याच्या शेतांवरून पांढरा पडदा सरकत आला. ओढ्याकाठच्या त्या लहानशा गावात तिने पहिला दिसेल तो आडोसा गाठला.

तिच्या मागचं एका दुकानाचं दार उघडलं.

"गाडी आत घ्या," दारातला तरुण म्हणाला. "तुम्ही भिजलात तरी तासाभरात वाळाल. ती गादी भिजली तर महिनाभर वास मारेल."

"माझ्यापेक्षा गादीची काळजी जास्त?"

"गादी बोलून दाखवत नाही ना… म्हणून." तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

आत येऊन तिने हेल्मेट काढलं. केसांतून पाणी ठिबकत होतं. वर पाहिलं, तर चहूकडे रेडिओच रेडिओ. उघडे, अर्धवट, तारा लोंबणारे. लिबीला हसू फुटलं. मेरीमाता कधीकधी पाऊस पाडून पत्ता सांगते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

"यातला एक गाडीवर बसवून द्याल? लांब पल्ल्याला जायचंय."

"देईन. पण एका दिवसाचं काम नाही." त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. "मोटारीला एवढा मोठा पत्रा असतो, अँटेनाला त्याचा आधार मिळतो. मोटारसायकलला तसा आधार नाही. हिची अँटेनाच वेगळी लागते. आधाराशिवाय बोलणारी."

"म्हणजे माझ्यासारखी," लिबी म्हणाली.

त्याने चटकन तिच्याकडे पाहिलं… आणि तितक्याच चटकन स्क्रू शोधायला लागला.

त्याचं नाव वेंडेल मोएन. आई गेल्यापासून एकटा राहायचा.

मग रोज संध्याकाळी लिबी येऊ लागली. बेकरीतलं काम संपवून, पिठाचा वास अंगावर घेऊन. येताना खसखशीचा एखादा बन रुमालात बांधून आणायची. वेंडेल गाडीच्या पोटात तारा ओवायचा, बॅटरीपासून फ्यूजपर्यंत, फ्यूजपासून रेडिओपर्यंत. लिबी टॉर्च धरायची.

"टॉर्च इकडे. मी काम इथे करतोय."

"मग तुम्ही बघताय कुठे?"

"…टॉर्चकडेच."

शुक्रवारी त्याने डबा उघडून सॉसेज पुढे केलं, तर तिने मान हलवली. "शुक्रवारी मांस नाही. वर्षभर. आणि सकाळी जपमाळ झाल्याशिवाय कॉफीही नाही."

"बाप रे! आमच्या ल्यूथरन पंथाच्या देवाने एवढं काही मागितलं नाही हं."

"तुम्ही विचारायला गेला होतात का? देवळात शेवटचं पाऊल कधी टाकलंत?"

"नाताळला."

"कुठल्या?"

वेंडेल सॉसेज चावत बसला. पण पुढच्या सोमवारी त्याने सहज सांगावं तसं सांगितलं, "काल गेलो होतो. पाद्रीबुवांनी मला पाहुणा समजून हस्तांदोलन केलं." लिबी इतकी हसली की टॉर्च हातातून निसटला.

मध्येच शेजारच्या डेअरीचं मोठं यंत्र सुरू व्हायचं आणि त्याच्या टेबलावरच्या रेडिओत नुसती खरखर भरून राहायची. "झालं," वेंडेल वैतागायचा. "हे सुरू झालं की मी ठार बहिरा. माझं जगाला ऐकू जातं, जगाचं मला नाही."

शेवटचं काम अँटेना जुळवायचं. त्यासाठी गाडी मोकळ्या मैदानात न्यावी लागली, पत्र्याच्या छपरांपासून दूर. अँटेना जुळली का ते दाखवणारा मीटरचा काटा नको तिथे थरथरत होता. वेंडेल अँटेनाची दांडी कणाकणाने कमी करत होता.

"बसा गाडीवर. माणूस बसला की काटा हलतो."

लिबी बसली. काटा हलला.

"माझ्यामुळे?"

"कोणामुळेही हलतो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "मागच्या गादीवर कोणी बसलं तर आणखी हलतो. अँटेनाच्या जवळच असतं ना ते माणूस. म्हणून आधी ठरवावं लागतं… एकटीसाठी जुळवू, की दोघांसाठी?"

वारा पडला होता. गवतात किडे किरकिरत होते. लिबीने हँडलवर बोटं फिरवली.

"एकटीसाठी. नवस तसाच बोललेय."

"हो. तसंच जुळवतो." त्याने मान खाली घातली आणि इतक्या मन लावून जुळवलं की काटा हवा तिथे, अगदी कडेला जाऊन निजला. खोटं जुळवलं असतं तर तिला कुठे कळणार होतं? पण नाही. तिच्या नवसात त्याने केसभरही खोट येऊ दिली नाही.

शुक्रवारी सकाळी ती निघाली. पेट्या भरल्या होत्या, टाकी भरली होती. वेंडेलने तिच्या हेल्मेटमधला माईक ओठांजवळ नीट वळवला. बोटं गालाला लागली, न लागली…

"डाव्या मुठीवरचं बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. डोंगर चढेपर्यंत मी टेबलाशी आहे. कुठवर पोचतंय ते बघू. काही विसरलं असेल तर लगेच मागे या."

"विसरलं तर विसरलं. नवसाला निघाल्यावर माघारी फिरायचं नाही. आजीचा नियम आहे." तिने किल्ली लावली. "रविवारी संध्याकाळी परत येईन. आल्यावर सांगेन सगळं."

वेंडेल फडक्याने हात पुसत राहिला, स्वच्छ होते तरी.

"रविवारी मी नसेन. उद्या दुपारी गिऱ्हाईक येतंय… दुकान घ्यायला. सही झाली की निघतोय. भाऊ अ‍ॅरिझोनात असतो, त्याच्याकडे."

"हे आत्ता सांगताय?"

"सांगणार होतो. रोज सांगणार होतो. तुम्ही बन घेऊन यायच्या."

थांबा म्हणायचा आपल्याला काय हक्क? त्याने तरी एक शब्द काढलाय का? तिने छातीवर क्रूस काढला, काच खाली ओढली आणि गाडी सुरू केली. डोळ्यांत आलेलं पाणी हेल्मेटमध्ये पुसता येत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं.

गाव मागे पडलं. रस्ता ओकच्या झाडीतून वळत वर चढू लागला. बारीक पाऊस होता.

"ऐकू येतंय का?" कानात त्याचा आवाज.

"येतंय."

पहिलं वळण. "आता?"

"येतंय… स्वच्छ."

दुसऱ्या वळणानंतर त्याचा आवाज आला, पण मागे ती ओळखीची घरघर होती. डेअरीचं यंत्र सुरू झालं होतं.

"लिबी? आता येतंय का?"

"येतंय, वेंडेल!"

"लिबी?… लिबी?… गेली वाटतं."

"अहो, मी इथेच आहे!" तिने बटण गच्च दाबलं. पण तो बहिरा झाला होता. माथ्यावर पोचून तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इथे वर तर त्याचा श्वासही ऐकू येत होता.

"पोचत नाही आता तुझ्यापर्यंत…" तो म्हणाला. आवाज अगदी हलका झाला होता, माणूस स्वतःशी बोलतो तसा. "बरंच झालं. समोर असतीस तर बोललोच नसतो. लिबी, मला अ‍ॅरिझोनाला जायचं नाही. या गावात मला थांबवणारं कोणी नव्हतं म्हणून निघालो होतो. मग तू भिजून आलीस. ते काम दोन संध्याकाळींचं होतं गं. मी बसवलेल्या तारा पुन्हा काढायचो, पुन्हा बसवायचो… तू यावीस म्हणून. तू दोघांसाठी जुळव म्हणाली असतीस ना, तर मी सहीचं नावच काढलं नसतं. असो. सांभाळून जा. माझं तुझ्यावर… फार प्रेम आहे. बस्स."

लिबी पावसात पुतळ्यासारखी उभी. बटण दाबून ती बोलली, ओरडली, पुन्हा बोलली. पलीकडे काहीच पोचत नव्हतं. वळून गेलं तर गाव पाच मिनिटांवर. आणि वळायचं तर नव्हतं. बाबांच्या श्वासासाठी दिलेला शब्द होता तो.

"मेरीमाते," ती पुटपुटली, "आता तूच बघ."

तेवढ्यात कानात एक जाडाभरडा, घोगरा आवाज घुमला.

"अरे बाळा, तिला ऐकू गेलं नसेल, पण अख्ख्या डोंगराला गेलंय! अंडेवाली बोलतेय, ट्रकवरून; माझा रेडिओ दांडगा आहे, तुझ्या त्या घरघरीतूनही पोचेल. पूर्वेकडे चाललेय, तुझ्याच गावाकडे उतरणार आहे. रडवलंस की रे सकाळी सकाळी."

"अरे देवा…" वेंडेल. "कोण ऐकतंय?"

"एकोणीस नंबरवर बोललास ना? मग विचार, कोण ऐकत नाही!"

लिबीने बटण दाबलं. "अंडेवाली मावशी! मी लिबी. मोटारसायकलवाली. मला सगळं ऐकू आलंय. त्याला माझं पोचत नाही."

"आँ? तूच ती? थांब, थांब. बाळा, ऐक. तुझी पोरगी डोंगराच्या माथ्यावर उभी आहे. तिने शब्द न् शब्द ऐकलाय."

मग अगदी बारीक आवाज आला, "सगळं?"

"तारा काढून बसवल्यास तेसुद्धा. लबाडा! पोरी, काय सांगू त्याला? लवकर बोल, माझी अंडी उन्हं चढायच्या आत पोचायला हवीत."

लिबीने डोळे मिटले. गालावरून पाऊस ओघळत होता, की दुसरं काही… "त्याला सांगा, मला कधीचंच कळलं होतं. त्याच तारा मी तीनदा बघितल्या. तरी मी बन घेऊन येत राहिले."

अंडेवालीने निरोप पोचवला. वर आपल्या पदरचं घातलं, "आणि बन म्हणजे साधी गोष्ट नव्हे हो."

"ती परत वळतेय का?" वेंडेलने विचारलं.

"नाही मावशी. नवसाला निघालेय. वळता येत नाही. त्याला सांगा, रविवारपर्यंत सही करू नकोस."

निरोप गेला. आणि वेंडेलचा आवाज आला, या वेळी मोठा, ठाम. "तिला सांगा, मुळीच वळू नकोस. आधी नवस. सही उद्याही नाही, रविवारीही नाही. शब्द देतो. आणि तिचं ऐकू येत नसलं तरी… मी इथेच बसून आहे म्हणावं."

"ऐकतेय ती, ऐकतेय! तुझं सगळंच ऐकू जातं तिला. मेला एवढा मोठा अँटेनाचा खांब लावून बसलाय."

वळणावरून पांढरा ट्रक वर आला. काचेआड पिकल्या केसांची एक गुबगुबीत बाई, हसून हसून लाल झालेली. तिने भोंगा असा वाजवला की ओकवरचे पक्षी उडाले. लिबीने दोन्ही हात हलवले. ट्रक उतारावरून गावाकडे गेला.

लिबी थांबून राहिली. थोड्या वेळाने कानात पुन्हा तो घोगरा आवाज आला, आता यंत्राच्या घरघरीत बुडत, तुटत.

"पोरी, त्याच्या दारावरून चाललेय… रस्त्यात उभा आहे गं तुझा माणूस, भर पावसात… आणि हातात काय धरलंय माहीत आहे? रुमालात बांधलेलं—"

पुढचं खरखरीत विरून गेलं.

लिबी एकटीच खळखळून हसली. राहू दे. रविवारी त्यालाच विचारता येईल. तिने बोटाने काचेवरचे थेंब निपटले, मागून कोणी येत नाही ना ते आरशात पाहिलं, आणि मेरीमातेचं नाव घेऊन गाडी हळूच पश्चिमेच्या रस्त्याला लावली.