फोटोच्या कडेची बाही

कॅनडातल्या थंडर बेमध्ये घरं विकून देणाऱ्या माणसाचा चेहरा हीच त्याच्या दुकानाची पाटी. ग्लेनिस हारग्रोव्हचा चेहरा वेबसाइटवर होता, विकाऊ घरांच्या अंगणात रोवलेल्या फलकांवर होता, फ्रिजला चिकटवायच्या चुंबकांवर होता आणि बसथांब्याच्या बाकावरही होता, जिथे लोक खुशाल त्याला पाठ टेकून बसत. चेहरा मात्र जुना. फोटोतली ग्लेनिस चाळिशीची, तांबूस केसांची. गाडीतून उतरणारी ग्लेनिस पन्नाशी कधीच ओलांडलेली. गिऱ्हाईक क्षणभर तिच्या मागे बघायचं, खऱ्या बाई अजून उतरायच्या असतील अशा समजुतीने.

"अगं, बदल तो फोटो," बेव म्हणायची. बेव ऑफिसात फोन घ्यायची, वेबसाइट सांभाळायची आणि मनात येईल ते तोंडावर बोलायची. "परवा एकानं विचारलं, या बाईंची आईपण याच धंद्यात आहे का म्हणून."

"बदलेन गं. एवढा हंगाम जाऊ दे."

हंगाम जायचा आणि दुसरा यायचा. एखादं घर विकायला लावलेलं असताना चेहरा बदलणं बरं नाही, गिऱ्हाईक बिचकतं, असं ग्लेनिस म्हणायची. आणि तिच्याकडे एखादं घर कायम असायचंच.

खरं कारण तिला एकटीलाच माहीत होतं. तो फोटो मुळात दोघींचा होता, तिचा आणि आयली कोस्कीचा. आयलीनेच तिला या धंद्यात आणलं. घर दाखवायच्या दिवशी आयली सकाळीच तिथल्या ओव्हनमध्ये वेलदोड्याचा पाव भाजायची. दार उघडलं की माणसाला वाटायचं, आपण आपल्याच घरी आलो. पुढे आयली खुब्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेली आणि ग्लेनिस एकेका गिऱ्हाईकाकडे जाऊन आवाज खाली आणून सांगत सुटली, "आयलीला हल्ली काही आठवत नाही हो. वाईट वाटतं."

धादांत खोटं. आयली काठी टेकत परत आली ती पूर्वीइतकीच तल्लख. पण तोवर अख्खं गाव तिच्याशी सावकाश, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागलं होतं. घरं सगळी ग्लेनिसकडे गेली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

मग ग्लेनिसने स्वतःच्या हाताने त्या फोटोतून आयली कापली. डाव्या कडेला निळ्या स्वेटरच्या बाहीची एक पट्टी तेवढी राहिली. "एवढी पट्टी कुणाच्या लक्षात येते?" ती तेव्हा बेवला म्हणाली होती. हाच तो चेहरा, जिंकलेला. तो बदलायला तिचं मन घेत नव्हतं.

गेल्या पानगळीत आयली वारली. ग्लेनिसने फुलं पाठवली, स्वतः काही गेली नाही.

तळ्यावरचा बर्फ फुटायला लागला तेव्हा कॅलगरीहून आयलीच्या भाचीचा, क्रिस्टाचा फोन आला. मावशीचं घर विकायचं होतं.

"मावशीनं बजावून ठेवलं होतं, घर ग्लेनिसकडेच द्यायचं, दुसऱ्या कुणाकडे नाही," क्रिस्टा म्हणाली. "आणि तुमचा फोटो बघून बरं वाटलं. मावशीची ती चांदीची पिन अजून ठेवलीत तुम्ही फोटोत."

"कुठली पिन?"

"स्वेटरवरची. खांद्यापाशी."

फोन ठेवून ग्लेनिसने वेबसाइट उघडली. बाहीची पट्टी रुंद झाली होती. निळा खांदा पुरता दिसत होता, त्यावर चांदीची पिन लखलखत होती. आणि उजवीकडे, जिथे तिच्या कानातला मोती दिसायचा, तिथे आता कानच नव्हता. फोटो मोठा झाला नव्हता. नुसता सरकला होता.

तिने तो पुन्हा घट्ट कापला. दुसऱ्या दिवशी सकाळी कडेला एक हनुवटी आलेली होती.

"फोटो सरकला?" बेव हसली. "बाई, चष्मा बदल आधी. तो पहिल्यापासून असाच आहे."

ऑफिसातून निघाल्यावर ग्लेनिस मुद्दाम बसथांब्यावरून गेली. बाकावरच्या छापील चेहऱ्याचाही उजवा गाल गेला होता आणि डावीकडे कुणाचं तरी हसू सुरू झालं होतं. बाकावरचा म्हातारा उठून तिला म्हणाला, "बसा, बसा." एवढ्या अदबीने तिच्याशी त्या गावात कुणी बोलत नसे.

आता हंगामाची वाट बघण्यात अर्थ नव्हता. सोमवारी फोटो काढायचा, त्याच दिवशी बदलायचा, असं तिने ठरवलं आणि ओवेन नावाच्या फोटोग्राफरची वेळ घेतली. पण रविवारी आयलीचं घर लोकांना बघायला खुलं ठेवायचं होतं. ते टाळता येत नव्हतं.

रविवारी दुपारी ती जरा उशिराच पोचली. अंगणातल्या फलकाकडे तिने बघितलं नाही. येताना बेकरीतून गुलाबी आयसिंग लावलेले गोड पाव आणले होते. आयलीसारखं काही भाजायची तिची मुळीच इच्छा नव्हती. दाराला कुलूप होतं. ते काढून ती आत गेली आणि जागच्या जागी थांबली.

घर वेलदोड्याच्या वासाने भरलं होतं.

ओव्हन थंड होता. तिने हात आत घालून बघितला. ओट्यावर, आयली पाव निवायला ठेवायची त्या जागी, लाकूड कोमट लागलं.

मागच्या दारातून एक तरुण जोडपं आत आलं. दोघांचे गाल लालबुंद झाले होते.

"छान आहे घर," बायको म्हणाली. "त्या बाईंनी सगळं दाखवलं. सौनासुद्धा तापवून ठेवला होता."

"कुठल्या बाईंनी?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नवरा थोडा वाकला, ग्लेनिसच्या तोंडाजवळ तोंड आणून मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "फलकावरच्या. बाईंनी. तुम्ही. बसता का. जरा?"

हा सूर तिच्या ओळखीचा होता. गावाला तो तिनेच शिकवला होता.

ती धडपडत मागे गेली. अंगणातल्या सौनाचं, त्या वाफेच्या लाकडी खोलीचं, दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं. दगडांवर नुकतंच पाणी टाकलेलं होतं आणि ते चरचरत होतं.

सोमवारी तिने ठळक लाल जाकीट घातलं. ओवेनच्या स्टुडिओत भरपूर उजेड होता, रेडिओ चालू होता. तिला धीर आला.

"थोडं उजवीकडे," ओवेन कॅमेऱ्यात बघत म्हणाला. "छान. आता दोघी जरा जवळ या."

"दोघी?"

त्याने डोकं वर काढलं, तिच्याकडे आणि तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, आणि कान चोळला. "सवय हो. सकाळपासून जोडप्यांचेच काढतोय."

फोटोत ती एकटीच होती. सुरकुत्या, पांढरे केस, लाल जाकीट. डावीकडे बरीच मोकळी जागा सुटली होती. तिला तो फोटो आवडला, आणि इतकी वर्षं आपण कसल्या हट्टाला पेटलो होतो याचं नवलही वाटलं.

ऑफिसात ती स्वतः कॉम्प्युटरसमोर बसली. फोटो चढवला. फोटो कुठे कापायचा ते दाखवणारी चौकट पडद्यावर आली, डावीकडच्या मोकळ्या जागेवर.

तिने चौकट ओढून आपल्या चेहऱ्यावर आणली. बोट उचललं.

चौकट पुन्हा डावीकडे गेली.

तिने पुन्हा ओढली. चौकट पुन्हा गेली.

मोकळी जागा निळी व्हायला लागली होती. आधी बाही. मग पिन. वेलदोड्याचा वास इतका दाटला की तिला श्वास घेववेना. "नको," ती म्हणाली. "आयली, चुकलं माझं." तिचं बोट 'जतन करा'वर होतं. ते तिने ठेवलं नव्हतं. उचलतही नव्हतं.

बोट दाबलं गेलं.

"बेव!"

बेव आली. तिने ग्लेनिसच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाकून पडद्याकडे बघितलं. तिचा चेहरा मायेने भरून आला.

"झाला एकदाचा," ती म्हणाली. "किती छान आलीय आयली."

"बेव, माझा फोटो आहे तो. मी कुठे आहे?"

फोटोत आयली मधोमध बसून हसत होती. उजव्या कडेला लाल जाकिटाच्या बाहीची एक पट्टी होती. बेवने ती निरखून बघितली.

"एवढी. पट्टी. कुणाच्या. लक्षात येते?" ती सावकाश, मोठ्याने म्हणाली.

टेबलावरचा फोन वाजला. ग्लेनिसने हात पुढे केला, पण बेवने तो हळूच बाजूला सारला आणि फोन उचलला. ऐकून घेतलं. मग पाठ वळवून आवाज खाली आणला.

"नाही हो. ग्लेनिसला हल्ली काही आठवत नाही. वाईट वाटतं. हो, आयली आहे ना. देते तिला."