रणझुंजारची रिंग गेली कुठं?

“खांब न्हाय,” विश्वजित म्हणाला.

“तुझं डोकं न्हाय,” तेजस्वी म्हणाली. “नीट बघ की.”

मग तिनं स्वतः नीट बघितलं. सकाळचे सहा वाजले होते. रणझुंजार तरुण मंडळाच्या मैदानावर रोज जिथं बास्केटबॉलचा खांब उभा असायचा, तिथं नुसतं आभाळ होतं. खांब नाही, बोर्ड नाही, रिंग नाही. सिमेंटातून वर आलेला वीतभर लोखंडी बुंधा तेवढा शिल्लक होता.

मेहमुदा कंपाउंडच्या भिंतीवर बसली होती. तिची रोजची जागा. बाकीची पोरं सुट्टीत आठ वाजेपर्यंत लोळत पडायची. मेहमुदा मात्र पहाटे उठून इथं यायची, कारण सहाला रणझुंजारच्या मुलींचा सराव सुरू व्हायचा. आज तिनं गल्लीतल्या दोस्तांना, विश्वजित आणि तेजस्वीलाही, ओढून आणलं होतं. तिला स्वतःला धड पास झेलता यायचा नाही. पण या टीमवर तिचा जीव होता. शाळेच्या जुन्या शर्टावर तिनं अम्मीकडून नऊ नंबर शिवून घेतला होता, कारण कॅप्टन निशिगंधाचा नंबर नऊ. फ्री थ्रो टाकताना निशिगंधा चेंडू तीन वेळा आपटते, डाव्या पायाचा अंगठा बुटात हलवते आणि मग टाकते, हे मेहमुदाला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

आणि हीच टीम पंधरा दिवसांपूर्वी राज्यात पहिली आली होती. ज्या मैदानावर दोनसुद्धा रिंगा नाहीत, एकच आहे, त्या मैदानावरच्या पोरींनी पुण्या-मुंबईच्या टीमना घरी पाठवलं होतं. पुढच्या बुधवारी राष्ट्रीय स्पर्धेसाठी त्यांची रेल्वे सुटणार होती. हातात सात दिवस, आणि रिंग गायब.

एकेक करून खेळाडू मुली आल्या. सगळ्यात शेवटी निशिगंधा आली. तिनं बुंध्याकडं बघितलं, काखेतला चेंडू खाली ठेवला आणि त्याच्याच शेजारी मांडी घालून बसली. रडली नाही. मेहमुदाला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव बुलेटवरून आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट.

“चोरी झाली की गं पोरींनो,” बुलेटवरून उतरायच्या आधीच ते म्हणाले. “पलीकडच्या गल्लीतल्या फुटबॉलवाल्यांचं काम हाय हे. जळतात आपल्यावर. पण पोलिसांत वगैरे कुणी जायचं न्हाय. उद्या संध्याकाळी तुमचा सत्कार हाय, मंडळाचं नाव खराब व्हतंय.”

“मग सराव कुठं करायचा?” प्रशिक्षक आक्कांनी विचारलं. आक्का शाळेत खेळ शिकवायच्या आणि इथं फुकट.

“सत्कार तर हू दे आधी,” हंबीरराव म्हणाले आणि गेले.

आक्का काही बोलल्या नाहीत. मैदान मंडळाचं होतं. वर तोंड केलं तर उद्या मैदानसुद्धा जाईल, हे त्यांना माहीत होतं. मोठी माणसं अशीच गप्प बसतात आणि त्याला समजूतदारपणा म्हणतात.

मेहमुदा भिंतीवरून खाली उतरली. “विश्या, इकडं ये. हे कशानं कापलंय?”

विश्वजितच्या पप्पांचं वेल्डिंगचं दुकान होतं. तो गुडघ्यावर बसला आणि बुंध्याच्या कडेवरून बोट फिरवलं. कडेला वितळून थिजलेल्या लोखंडाचे थेंब होते, मेणबत्तीला असतात तसे.

“गॅस कटर,” तो म्हणाला. “चोर असतंय तर करवत आणतंय. गॅस कटर म्हंजे दोन सिलिंडर, एक गाडी आणि एवढा मोठा जाळ. गल्लीतनं दिसतंय.”

“मग गल्लीला दिसलं कसं न्हाय?” तेजस्वी म्हणाली.

मेहमुदानं गल्लीकडं बघितलं.

“काल दुपारी गल्लीत कोण होतं?” मेहमुदा हळूच म्हणाली.

कुणीच नव्हतं. काल दुपारी मंडळानं टीमची उघड्या जीपमधून मिरवणूक काढली होती. हलगी, गुलाल, सगळी गल्ली जीपच्या मागं. म्हाताऱ्या माणसांनासुद्धा रिक्षात घालून नेलं होतं.

“मिरवणूक कुणी ठरवली?”

“अध्यक्षांनी,” तेजस्वी म्हणाली.

“आणि ते अर्ध्यातनं कुठं गेलते? मी बघितलोय. चौकापतोर जीपवर हुते, पुढं न्हाय.”

“मेहमुदा, तू जीपकडं बघत हुतीस का अध्यक्षांकडं?” विश्वजितनं चिडवलं.

“निशिगंधादीदीच्या शेजारी उभं हुते म्हणून दिसलं. सारखं मधी मधी येत हुते.”

मैदानाचे वॉचमन पिराजी फाटकाशी विडी ओढत बसले होते. तिघं त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“पिराजीमामा, काल तुमी कुठं हुता?”

“राधानगरीला. गावाकडं.” मामांनी विडी विझवली. ती अजून अर्धी होती. “मला काय म्हाईत न्हाय बाबा.”

“आमी अजून काय विचारलंच न्हाय,” तेजस्वी म्हणाली.

पिराजीमामांनी इकडं तिकडं बघितलं. “नऊ वर्सं नोकरी करतोय. आई वारली तवा दोन दिवस मागितलं तर एक दिला. आणि परवा अध्यक्ष आपणहून म्हणत्यात, पिराजी, जा की जरा गावाकडं, पोरास्नी भेटून ये. मलाबी नवल वाटलं. आता जावा तुमी. माझं नाव घेऊ नगासा.”

फाटकापासून बुंध्यापर्यंत गाडीच्या चाकांचे माग होते आणि त्या मागांवर मधेमधे बारीक काळी वाळू सांडली होती. मेहमुदानं चिमूटभर उचलून तळहातावर चोळली. हात काळा झाला. जळकट वास आला.

“हा वास आमच्या घरात रोज येतोय,” ती म्हणाली. “शमशुद्दीनचाचांच्या कपड्यांना. फौंड्रीतली वाळू हाय ही. साच्याची.”

मेहमुदाचे चाचा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत भट्टीवर कामाला होते. फौंड्रीत भंगार लोखंड वितळवतात आणि नवीन माल ओततात. गल्लीतलं भंगार चाचांच्याच फौंड्रीत जायचं. रिंग वितळली तर?

चाचांची ड्युटी दुपारपाळीची होती आणि त्यांचा डबा चाची रोज नंतर पाठवायची.

“चाची, आज डबा मी पोचवतो,” मेहमुदा म्हणाली.

“का गं? काल पाण्याची कळशी उचल म्हटलं तर पाय दुखत होते तुझे.”

“आज बरे झालेत.”

तिघं केएमटीच्या बसनं शिरोलीला गेली. डबा बघून गेटवाल्यानं आत सोडलं. डबा घेऊन आलेल्याला कुठल्याच कारखान्यात कुणी अडवत नाही. आत भट्टीची धग, घरघर, आणि पायाखाली सगळीकडं तीच काळी वाळू. मागच्या अंगणात भंगाराचा डोंगर होता. त्यात सायकलींचे सांगाडे, तुटलेले नांगर, गाड्यांचे पत्रे, आणि सगळ्यात वर, आडवा पडलेला, त्यांचा खांब. रिंगेला जाळी अजून तशीच होती. निशिगंधानं फायनलच्या आधी बांधलेली, पांढरी.

मेहमुदा भंगारावर चढायला लागली. चाचांनी तिला दंडाला धरून खाली ओढलं.

“पाय कापशील. काय आहे ते?”

तिनं सांगितलं. चाचा तिला आणि बाकी दोघांना सुपरवायझरकडं घेऊन गेले. सुपरवायझर अमरसिंह तोंडात मावा धरून ऐकत होते. त्यांनी कागदांचा गठ्ठा चाळला आणि एक चिठ्ठी पुढं केली. गेटपास. ‘जुना लोखंडी खांब, एक.’ खाली ऐसपैस सही. हंबीरराव.

“आमी चोरीचा माल घेत न्हाय,” अमरसिंह म्हणाले. “मालकानं स्वतः सही करून पाठवलाय. त्यांनी सांगितलं तर परत देतो. न्हायतर शुक्रवारी भट्टीत.”

“शुक्रवारपतोर थांबशीला?” मेहमुदानं विचारलं.

“शुक्रवारी सकाळपतोर.”

तेजस्वीनं चिठ्ठीचा फोटो काढून घेतला.

परत आली तर मैदानावर मंडपवाले राबत होते. आणि स्टेज उभा राहत होता तो बरोबर बुंध्यावर! मागं तीस फुटी फ्लेक्स ताणला होता. त्यावर मोठमोठे चेहरे. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, मार्गदर्शक, आधारस्तंभ. मेहमुदानं मोजले. सव्वीस. त्यात चेंडूला कधी हात लावलेला एकही नव्हता. आणि खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा, टीमचा फोटो.

“खांब फ्लेक्सच्या आड येत हुता,” विश्वजित सावकाश म्हणाला. “बास्केटबॉलचा सत्कार करायला बास्केट काढलं.”

“पण लपवायचं कशाला?” तेजस्वी म्हणाली.

“आदी वाटलं असंल, जिंकल्या की, आता कशाला पायजे. विचारलं तर पोरी न्हाय म्हणतील, म्हणून गुपचूप काढला आणि चोराचं नाव पुढं केलं.” मेहमुदाचे कान लाल झाले होते. “आत्ताच जाऊन विचारतो.”

“एकट्यात विचारलंस तर चहा पाजून घरी पाठवतील,” विश्वजित म्हणाला. “आणि तवर स्टेजबी तिथंच, खांबबी तिथंच.”

“मग माईकवर विचारू,” मेहमुदा म्हणाली. “तेजे, सूत्रसंचालनाचा कागद कोण लिहितंय?”

तेजस्वीचं अक्षर गल्लीत सगळ्यात चांगलं. मंडळाचा प्रत्येक कागद तिच्याकडूनच लिहून घ्यायचे. ती हसली.

संध्याकाळी तिनं कागद अध्यक्षांना दाखवला. दीपप्रज्वलन, स्वागत, अध्यक्षांचं मनोगत. स्वतःचं नाव किती ठिकाणी आलंय तेवढं हंबीररावांनी बघितलं आणि खाली सही ठोकली. सातव्या ओळीवर त्यांची नजर गेलीच नाही.

गुरुवारी संध्याकाळी मैदान भरलं. प्रमुख पाहुण्या होत्या पूर्णिमाताई, एकेकाळी राज्याच्या संघातून खेळलेल्या, केस पांढरे पण खांदे ताठ. सव्वीस जणांना फेटे बांधून झाले. खेळाडू मुली अजून खालीच उभ्या होत्या. सूत्रसंचालकांनी सातवी ओळ वाचली.

“आणि आता विजेत्या संघाची कर्णधार निशिगंधा प्रमुख पाहुण्यांना फ्री थ्रो करून दाखवेल.”

सूत्रसंचालक थांबले. कागद पुन्हा वाचला. हंबीररावांचा फेटा जरा तिरका झाला.

निशिगंधाला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं मेहमुदाकडं बघितलं. मेहमुदानं मान हलवली. निशिगंधा चेंडू घेऊन जमिनीवरच्या पांढऱ्या रेषेपाशी गेली. ती रेषा अजून शाबूत होती. पुढं स्टेज होता आणि जिथं रिंग असायची बरोबर त्या उंचीवर फ्लेक्समधले हंबीरराव हात जोडून हसत होते.

“कुठं टाकू?” तिनं विचारलं.

“रोज कुठं टाकतेस?” पूर्णिमाताई म्हणाल्या.

“इथंच.”

“मग टाक.”

चेंडू तीन वेळा आपटला. बुटातला अंगठा हलला. चेंडू वर गेला, छान गोल फिरत गेला, आणि फ्लेक्सवरच्या हंबीररावांच्या दोन भुवयांच्या मधोमध बसला. फ्लेक्स ढोलासारखा वाजला. चेंडू उसळून खऱ्या हंबीररावांच्या मांडीत पडला.

कुणी हसलं नाही. हसावं की नाही हे कुणाला कळेना. मग पिराजीमामा फाटकातून मोठ्यानं हसले आणि सगळं मैदान फुटलं.

“अध्यक्ष,” पूर्णिमाताई माईक जवळ ओढून म्हणाल्या, “राज्यातल्या पहिल्या टीमची रिंग कुठं आहे?”

“चोरी,” हंबीरराव म्हणाले. “चोरी झाली हो ताई. आमालाबी लई वाईट वाटतंय.”

मेहमुदा स्टेजच्या पायऱ्या चढली. तिनं तेजस्वीचा फोन पुढं धरला.

“मग चोरांनी गेटपासवर तुमची सही कशी केली, काका?”

माईक चालू होता. गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं.

हंबीररावांनी फोनकडं बघितलं, लोकांकडं बघितलं, फेटा काढून मांडीवरच्या चेंडूवर ठेवला. “स्टेजला आडवा येत हुता,” ते पुटपुटले. “नवीन बसवणार हुतो की. पावसाळ्यानंतर.”

“रेल्वे बुधवारी आहे,” खालून आक्का म्हणाल्या. कालपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. “आणि मी काल गप्प बसले, त्याची मला लाज वाटते. आत्ता फोन करा, अध्यक्ष. सगळ्यांसमोर.”

हंबीररावांनी फौंड्रीला फोन केला. मग स्टेज उतरवायला सुरुवात झाली, आणि पहिली फळी पूर्णिमाताईंनी उचलली. सव्वीस फेटेवाल्यांना मग बसून राहता येईना.

शुक्रवारी सकाळी निळ्या टेम्पोतून खांब परत आला. शमशुद्दीनचाचा दुपारपाळीला जायच्या आधी सोबत आले होते. विश्वजितच्या पप्पांनी वेल्डिंग केलं. निशिगंधानं टेप लावला, रिंग बोटभर खाली आली होती. कापण्यात तेवढं लोखंड गेलं होतं. मग खांब पुन्हा काढून खाली जाड पट्टी घातली. दहा फूट म्हणजे दहा फूट.

आक्कांनी तिघांना जवळ बोलावलं. “पोरांनो, जी गोष्ट आम्ही मोठ्यांनी करायची होती ती तुम्ही केलीत. शाब्बास म्हणायलासुद्धा मला जरा संकोच वाटतोय. पण शाब्बास.” निशिगंधानं मेहमुदाच्या शर्टावरचा नऊ नंबर बोटानं सरळ केला आणि सरावाला गेली.

एवढ्यात बुलेट आली. हंबीरराव तीन फेटे आणि एक फोटोग्राफर घेऊन उतरले. “बाळांनो, चुकलं माझं. या इकडं, तुमचाबी सत्कार करून टाकतो. रिंगेखाली उभं राहू, फोटो चांगला येतोय.”

मेहमुदा त्यांच्या पांढऱ्या बुटांकडं बघत होती.

“काका, जरा मागं सरका,” ती म्हणाली. “रेषेच्या आत उभं हाय तुमी. खेळ सुरू झालाय.”