येतो हं

हसू नका रे. तो मोबाइल उलटा ठेव आधी, डोळ्यात उजेड येतोय. हां.

माझा साडू, म्हणजे तुमच्या आजीच्या बहिणीचा नवरा. समुद्रावरच्या हॉटेलची छोटी बस चालवतो. सकाळी पाहुणे भरायचे, जुनं दगडी गाव दाखवायचं, मग डोंगरावरचा किल्ला, संध्याकाळी परत. एकदा एक म्हातारी किल्ल्यातच राहिली होती. मालक म्हणाला, "पुन्हा असं झालं तर बसची चावी टेबलावर ठेवायची आणि घरी बसायचं."

तेव्हापासून साडू स्वतः आत फिरायचा. राखणदाराचे गुडघे गेलेले, तो खाली तिकीटघरात बसून चावी याच्याकडं द्यायचा. साडू ओरडायचा, "कोणी राहिलंय का?" मग कुलूप लावायचा आणि दाराला म्हणायचा, "येतो हं." सवय! आपण कुठं "जातो" म्हणतो? जातात ते परत येत नाहीत.

गेल्या नोव्हेंबरातला शेवटचा रविवार. गावात टायर बसला, म्हणून उशीर. सात वाजून दहा मिनिटं. चंद्र नाही. साडूनं कुलूप लावलं. म्हणाला, "येतो हं."

आतून आवाज आला, "कधी?"

साडूला पहिला संशय कुणाचा आला असेल? बरोबर. माझा! त्याच्या बसमध्ये एकदा मी कोंबडा सोडला होता ना.

"बाहेर ये गाढवा! पाहुणे खोळंबलेत!"

काही नाही.

बसमध्ये जाऊन माणसं मोजली. सतरा नेली होती, सतरा बसलेली. मग मला फोन. "कुठं आहेस?"

"तुझ्याच घरी. तुझ्या बायकोला मटार सोलून देतोय."

"खोटं! व्हिडिओ लाव."

लावला. त्याची बायको ओरडली, "अहो, हा सोलतोय कमी, खातोय जास्त!"

साडू हळूच म्हणाला, "मग आत कोण आहे?"

आता कोणी खरंच राहिलं असेल तर नोकरी गेली. त्यानं कुलूप काढलं. बॅटरी घेतली. पहिला चौक... रिकामा. वरची खोली... रिकामी. विहिरीवरची जाळी... बंद. कोणी नाही. पाय मात्र वाजतायत. दोनच. त्याचेच. तो थांबला की थांबतात... जरा उशिरा.

तो बाहेर आला. दार ओढलं. कुलूप लावलं. तोंडात सवयीचा शब्द आला होता. गिळला. म्हणाला,

"जातो."

आतून... अगदी दाराला तोंड लावून...

"बरं. मग मीच येतो."

बस कशी चालवली त्यालाच ठाऊक. खाली राखणदाराच्या हातात चावी दिली. सतरा माणसं उतरवली. घरी आला, जेवला नाही. मी त्या रात्री तिथंच झोपलो. तिथंच माझं चुकलं.

सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्यावर किल्ल्याची चावी.

साडूनं ती माझ्या अंगावर फेकली. "पुरे झाली तुझी मस्करी!" मी म्हटलं, चल, राखणदाराला विचारू. राखणदारानं खिशातून आपली चावी काढली. म्हणाला, "दुसरी नाहीच. कधीच नव्हती." दोन्ही शेजारी ठेवल्या. दाता-दाताला जुळल्या. त्याची झिजून पातळ झालेली. ही मात्र कोरी. जणू कालच घडवलेली.

साडू अजून माझ्याशी बोलत नाही. बस चालवतो, पण किल्ल्यातून निघताना तोंड दाबून धरतो. बायकोला म्हणतो, "त्यानंच बनवून घेतली असणार."

जन्मभर थापा मारल्या रे मी. कोंबडा माझा होता, कबूल. ही माझी नाही. पण ऐकतो कोण?

ती बघा, त्या खिळ्याला आहे. या खाऱ्या हवेत आपल्या दाराची कडी महिन्यात गंजते. ती... अजून तशीच आहे.