परशराम पोहे डॉट इन

रेल्वेचं फाटक पडलं होतं आणि माझ्या स्कूटीपुढं एक टेंपो उभा होता. सकाळचे साडेनऊ, पाठीत कालचाच शीण, वरून बारीक भुरभुर, आणि लोंढ्याची गाडी काही येईना. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून टेंपोची पाठ वाचली. 'परशराम पोहे, खानापूर'. खाली ताज्या निळ्या रंगात वेबसाईटचा पत्ता – परशराम पोहे डॉट इन.

सवयीनं मोबाईलवर टाकून बघितलं. ते नाव मोकळंच होतं, कुणी घेतलंच नव्हतं! मान वर केली तर टेंपोच्या आरशात दोन डोळे माझ्याकडंच बघत होते... मी मान खाली घातली.

माझं दुकान खानापुरात कचेरीसमोर. उतारे, दाखले, पॅनकार्ड, आणि कुणाला हवी तर वेबसाईट. सात वर्षं तेच. आईबाबांनी नाव ठेवलं अबोली, आणि 'सर्व्हर डाऊन हाय, उद्या या' म्हणून-म्हणून घसा बसलेला असतो. बत्तिसावं गाठलं होतं. बघायला येणाऱ्यांना चहा देऊन मी दमले होते. तेही बहुतेक पिऊन दमले असावेत.

दुपारी ते आरशातले डोळे दुकानात आले. दारात चप्पल काढली त्यानं. माझ्या दुकानात कुणी चप्पल काढत नाही.

"मॅडम, वेबसाईट करायची हाय. पण अमावस्येनंतर."

"नाव आजच घ्या. टेंपोवर रंगवून मोकळे झालाय, आणि घेतलं न्हाय अजून. उद्या दुसरा कोणतरी घेईल आणि बसाल बघत."

"तुम्हाला कसं कळालं?"

"फाटकात तुमच्या मागं होते."

"व्हय... बघितलं मी," तो म्हणाला आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

हा नागेंद्र. परशराम म्हणजे त्याचे आप्पा. तीन वर्षांपूर्वी गेले, पण बाजारात लोक अजून 'परशरामचे पोहे द्या' असंच म्हणतात. रंगारी गणपतीत मोकळा सापडला म्हणून टेंपो रंगवून घेतला. नाव घ्यायचं तेवढं राहिलं आणि पितृपक्ष लागला. पक्षात नवं काही घ्यायचं नाही. त्यातून आप्पांचं श्राद्ध शेवटच्या दिवशी, सर्वपित्री अमावस्येला. त्याची आई, जयाबाई, या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हती.

"मग निदान पत्ता तरी झाका," मी म्हणाले.

संध्याकाळी पाठीवर पोतं बांधून टेंपो दुकानासमोर हजर. "झाकलं. हाय का अजून मोकळं?"

मी बघितलं. "हाय."

तेव्हापासून रोज. दुकान मिटायच्या वेळेला यायचा, चप्पल काढायचा, विचारायचा, "हाय का?" मी म्हणायची, "हाय." मग कागदाची एक पुडी टेबलावर ठेवायचा. पातळ पोहे, अजून कोमट.

"एवढे पोहे खायचे कुणी?"

"तुम्ही. लई वाळलाय."

"दुकानदाराला असं बोलतात व्हय?"

"गिऱ्हाइकानं बोललं तर चालतंय..."

खरं सांगते, दिवसभराच्या रांगेत मी त्या 'हाय का'ची वाट बघायला लागले होते. घरी जाऊन पोह्यांना फोडणी घालताना एकटीच हसायची. इतक्या वर्षांनी असलं काही व्हावं यानंही थोडं दमायला होत होतं.

अमावस्येच्या तीन दिवस आधी निपाणीचा एक व्यापारी आला. त्याच्या मोबाईलवर त्या टेंपोचा फोटो होता, वाऱ्यानं पोतं वर उडालेलं आणि पत्ता लख्ख दिसणारा.

"ह्ये नाव मोकळं हाय का बघा. पोहे मी बी इकतो. नाव चालतंय बाजारात."

"सर्व्हर डाऊन हाय. उद्या या." सात वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच खोटं बोलले.

तो पायरी उतरतोय तोवर ते नाव मी माझ्या कार्डावरून, माझ्या नावानं घेऊन टाकलं. मग काय केलं ते उमगलं. पक्ष चालू, दुसऱ्याच्या वडलांचं नाव, आणि कुणाला न विचारता.

संध्याकाळी नागेंद्र आला तेव्हा बाकावर शेजारच्या अक्काताई बसलेल्या. त्यांच्या कानावर संध्याकाळी पडलेलं सकाळी गावभर झालेलं असतं.

"हाय का?"

"न्हाय... गेलं."

'मी घेतलंय' एवढंच म्हणायचं होतं. पण परक्या गड्यासाठी पदरचे पैसे घालून नाव घेतलं, हे अक्काताईंसमोर जिभेवर येईना. तो कसनुसा हसला. "आप्पांचं नाव हुतं," म्हणाला, पुडी ठेवली, चप्पल घातली आणि गेला. रात्री फोन केला, उचलला नाही.

दोन दिवस टेंपो फिरकला नाही. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

अमावस्येला दुकान बंद ठेवलं आणि कणकुंबीच्या रस्त्यावरचं त्याचं गाव गाठलं. अंगणात तो पॉलिश पेपर घेऊन टेंपोची पाठ घासत होता. 'डॉट इन' निघालं होतं, 'पोहे'वर हात चालू होता.

"थांबा," मी म्हणाले. "ते मी घेतलंय. एक व्यापारी घ्यायला आलता, म्हणून."

त्याचा हात थांबला. दारात जयाबाई उभ्या होत्या, हातात कढीची पळी.

"पक्षात घेतलंस?"

"व्हय, काकू. चुकलं असलं तर..."

"तू आमच्या घरातली हाईस काय?"

"न्हाय."

"मग चुकलं कुठं? पक्ष आमच्या घराला. परक्यानं घेतलं त्याचा दोष आम्हाला लागत न्हाय." त्यांनी एकदा लेकाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "आजचा दिवस परकीच ऱ्हा, पोरी. उद्या घट बसतील, मग बघू. आत ये, पानं वाढलीत."

जेवून निघाले तेव्हा तो स्कूटीपर्यंत आला. बोटांना निळा रंग लागला होता.

"उद्या तुमच्या नावावर करून देते. दोन मिनिटांचं काम हाय."

"ऱ्हाऊ दे तुमच्याच नावावर." तो हँडल धरून उभा राहिला. "एक विचारू? तुमचं कुठं ठरलं... म्हणजे, हाय का अजून..."

"हाय," मी म्हणाले. "पण उद्याच या. पोत्यानं झाकून किती दिवस निभणार?"