कोरा कोपरा

दिएपच्या बंदरामागच्या उतरत्या गल्लीत, दुपारचं जेवण आटोपलं की ओदेत लेस्त्राद स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायची. चाळीस वर्षांची सवय. नवरा गास्पार जेवणानंतर तासभर चित्रखोलीत असायचा, आणि तेवढ्यात भांडं वाजलं तरी घर डोक्यावर घ्यायचा. त्याच्या चित्रात ना झाड, ना माणूस. नुसते सुरीनं लिंपलेले रंगाचे पट्टे.

गास्पारला जाऊन चार हिवाळे झाले होते. सुरीचा आवाज मात्र रोज दुपारी यायचा. खर्र, जरा थांबून पुन्हा खर्र.

ओदेतला त्याचं भय नव्हतं. भय वेगळंच होतं. चित्र पुरं झालं की हा बाबा टोपी उचलून चालू पडायचा, निरोप नाही की काही नाही. मेला तेव्हा मोठ्या राखाडी चित्राच्या कोपऱ्यात तळहाताएवढं कापड कोरं राहिलं होतं. ते भरलं की तो कायमचा जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून दुपारी तिथं चढलेला रंग ती रोज संध्याकाळी खरवडून काढायची.

मंगळवारी संग्रहालयाकडून तिबो आला. चित्रं दुरुस्त करणारा, तिशीचा, बोलघेवडा. शनिवारी गास्पारचं प्रदर्शन उघडणार होतं आणि त्याआधी त्या राखाडी चित्राला वार्निश लावायचं होतं. त्यानं रंगावर बोट टेकवलं.

"मादाम, हे ओलं आहे."

"रंग जाड आहे."

"चार वर्षं? खसखशीच्या तेलातला रंग वाळायला आळशी असतो, कबूल. पण हा तर माझ्या मेव्हण्याच्या वर गेला."

ओदेत हसली नाही. "कोपऱ्याला हात लावू नकोस, पोरा. बाकी हवं ते कर."

"तिथला रंग कुणीतरी ओरबाडलाय."

"राहू दे तसाच."

गुरुवारी तिबोला चित्रखोलीत कामाला सोडून, पुढच्या दाराला सवयीनं कुलूप घालून ती मासळी आणायला गेली. होड्या उशिरा लागल्या. परतली तेव्हा दुपार कलली होती आणि कोपरा बुजला होता. उडालेला रंग समजून तिबोनं आजूबाजूचा राखाडी हुबेहूब जुळवून तो भरला होता. दुरुस्तीवाल्यांची जातच अशी, भोक दिसलं की हात शिवशिवतात.

 टोपली तिथंच टाकून ओदेतनं सुरी घेतली आणि हाताला कळ लागेपर्यंत खरवडलं. कापड दिसलं तेव्हा कुठे जिवात जीव आला. मग तिला तिबोची आठवण झाली.

हाक मारली. कोट खुंटीवर होता, चष्मा रंगपाटीशेजारी. मागच्या दाराची कडी आतून लावलेली होती.

प्रदर्शन त्या चित्राशिवायच उघडलं. रविवारी तिबोची बायको ब्लांदीन आली, रडून डोळे सुजलेली.

"पोलीस म्हणतात, गेला असेल कुणाबरोबर. तो तसला नाही हो, मादाम."

ओदेतनं तिला कॉफी दिली. दुसरं काय देणार?

खर्र.

मग, मधल्या थांबण्यात, दुसरी सुरी. हलकी, घाईची.

ब्लांदीन उठली. "हा त्याचाच हात. आत आहे ना तो?"

तिनं चित्रखोलीचं दार उघडलं. खोली रिकामी होती. चित्र ओलं होतं आणि कोऱ्या जागेपैकी जेमतेम बोटभर उरली होती.

"मादाम, तो कुठं आहे?"

"चित्र पुरं झालं की येईल," ओदेत म्हणाली. हे खरं होतं. तिबोनं भरलेलं तिनं खरवडलं तेव्हा तोही गास्पारसारखा चित्रात अडकला होता. एक संध्याकाळ खरवडलं नाही की दोघंही सुटणार होते.

"किती दिवस लागतील?"

"फार नाही. उद्या ये."

त्या संध्याकाळी ओदेत चित्रासमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पोरीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. तिला स्वतःची लाज वाटली.

मग तिनं सुरी पुसून घेतली.

ब्लांदीन अजून रोज येते. येताना पाव आणते, आणि हल्ली ओदेतला आई म्हणते.